कळांच्या ठोक्यांतून उमटलेली चित्रे

नागपूरच्या जुन्या वस्तीत वारांच्या नावाने ओळखले जाणारे काही भाग आहेत. बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी आणि त्यांत फार गजबजलेली इतवारी. आदित्यवाराचा इतवार झाला आणि त्या वाराच्या बाजारावरून वस्तीला नाव पडले. आज तेथे सातही दिवस बाजार असतो. सराफा ओळीतील तराजू, मस्कासाथेतील मिरची-हळदीचा वास, शहीद चौकातील हातगाड्यांची कोंडी हे सर्व इतवारीत येणाऱ्याच्या परिचयाचे असते. तथापि, एक आवाज मात्र आता तेथे ऐकू येत नाही. दुकानांच्या माडीवर चालणाऱ्या टंकलेखन वर्गांचा तो अखंड टकटकाट आता थांबला आहे.

सेमिनरीत जाण्यापूर्वीचा, १९८७ सालचा उन्हाळा मी अशाच एका वर्गात काढला. दहावी झालेल्या मुलाने 'हातात काहीतरी असावे' म्हणून टायपिंग शिकावे, अशी त्या काळच्या पालकांची रीत होती. पंधरा-वीस यंत्रे, तासातासाच्या तुकड्या, भिंतीवर कळफलकाचा तक्ता, आणि कळांकडे पाहिले की डोक्यावर टपली मारणारे सर. पहिला महिना बोटांना वळण लावण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात सरांनी शीर्षकाभोवती चौकट काढावयास शिकविले. एक ओळ फुल्यांची, तिच्याखाली एक ओळ टिंबांची, कोपऱ्यांत फुले. त्याच आठवड्यात मी इंग्रजी 'एक्स' या एकाच अक्षरातून एक क्रूस काढला. तो जरा उंचच झाला होता. सरांनी कागद पाहिला आणि म्हटले, "उंची कमी कर. यंत्र उभे लांबवते, हे लक्षात ठेव." त्या एका वाक्यात या कलेचे अर्धे व्याकरण सामावलेले आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

कळफलकावरील अक्षरांतून चित्र काढण्याच्या या विद्येचा इतिहास आपल्या नियतकालिकात मांडावा, असे बरेच दिवस मनात होते. विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्यांच्या हाती रंग-कुंचला कधी आला नाही, अशा माणसांनी कामाच्या यंत्रावर केलेली ही कला आहे, आणि म्हणून तिची नोंद राहिली पाहिजे असे मला वाटते.

यंत्राच्या आधी

अक्षरांतून आकृती साधण्याची हौस यंत्राहून फार जुनी आहे. आपल्याकडे संस्कृत कवींनी तिला 'चित्रकाव्य' म्हटले. सातव्या शतकातील माघ कवीच्या 'शिशुपालवध' महाकाव्याच्या एकोणिसाव्या सर्गात सर्वतोभद्र, मुरजबंध, चक्रबंध असे श्लोक आहेत. सर्वतोभद्रात अक्षरे चौकटीत मांडली की उलट, सुलट, वरून, खालून कसेही वाचले तरी श्लोक तोच निघतो. चक्रबंधात अक्षरे चाकाच्या आऱ्यांवर बसतात. कवी येथे शब्दाला केवळ ध्वनी मानत नाही. प्रत्येक अक्षर हे एका घरात बसणारी वस्तू आहे, हे त्याने ओळखलेले आहे.

युरोपातही हीच ओढ दिसते. चौथ्या शतकात पब्लिलियस ऑप्टाशियानस पॉर्फिरियस नावाचा रोमन कवी हद्दपारीत होता. त्याने सम्राट कॉन्स्टंटाईनला अक्षरचौकटींच्या कविता पाठविल्या आणि त्याला माघारी बोलावण्यात आले, अशी नोंद संत जेरोम यांच्या इतिवृत्तात आहे. त्याची परंपरा पुढे नेली ती जर्मनीतील फुल्डा मठाच्या राबानुस माऊरुस या बेनेडिक्टाईन संन्याशाने. पुढे हाच संन्यासी मठाधिपती आणि ८४७ साली माइंत्सचा महागुरुस्वामी झाला. नवव्या शतकाच्या आरंभी त्याने पवित्र क्रुसाच्या स्तवनाचा जो ग्रंथ रचला, त्यात २८ चित्रकविता आहेत. कवितेच्या प्रत्येक ओळीत मोजून सारखीच अक्षरे आहेत आणि शब्दांमध्ये मोकळी जागा नाही. पान म्हणजे जणू अक्षरांचे विणलेले कापड. त्या कापडावर क्रूस, देवदूत, सम्राट यांच्या आकृती रेखाटलेल्या आहेत. आणि मौज अशी की, आकृतीच्या आत जेवढी अक्षरे सापडतात तेवढीच वाचली तर त्यांतून दुसरी कविता निघते. शेवटच्या चित्रात स्वतः राबानुस क्रुसासमोर गुडघे टेकून बसलेला आहे. त्याचे शरीरच अक्षरांचे आहे.

हे विद्वानांचे झाले. पण घराघरांत आपल्या माता-भगिनींनी हेच गणित कागदाविना सोडविले आहे. दोसुती कापडावर फुलीचे टाके मोजून गुलाबाची वेल भरणे, किंवा ठिपके मोजून त्यांवरून रांगोळी काढणे, यांतील मर्म एकच आहे. जागा समान घरांत वाटून घ्यायची, आणि प्रत्येक घरात काय भरायचे ते ठरवायचे. वेदीवरच्या कापडाला दोसुतीची किनार भरणारी आपल्या धर्मग्रामातील एखादी आजी टंकलेखनयंत्रासमोर बसली असती, तर तिला चित्र शिकवावे लागले नसते. फक्त कळा दाखवाव्या लागल्या असत्या.

यंत्र आले

अमेरिकेतील ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांना टंकलेखनयंत्राचे पेटंट १८६८ साली मिळाले. बंदुका आणि शिवणयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७० च्या दशकाच्या मध्यास ते यंत्र बाजारात आणले. हेतू अगदी रुक्ष होता. व्यापारी पत्रे सुवाच्य आणि झटपट व्हावीत, इतकाच. परंतु माणसाच्या हाती साधन आले की त्याचा दुसरा उपयोग त्याला सुचतोच. छापखान्यातील खिळे जुळविणाऱ्यांनी तर त्याआधीच खोडी काढली होती. ३० मार्च १८८१ च्या 'पक' या अमेरिकन विनोदी साप्ताहिकात केवळ विरामचिन्हांच्या खिळ्यांतून आनंद, खेद, उदासीनता आणि आश्चर्य यांचे चार चेहरे छापलेले आहेत.

टंकलेखनयंत्रावर काढलेल्या आणि आजवर टिकलेल्या जुन्या चित्रांत फ्लोरा स्टेसी या इंग्रज टंकलेखिकेचे १८९८ मधील फुलपाखरू प्रसिद्ध आहे. कंस, रेघा, टिंबे, तिरक्या रेषा आणि फुल्या यांतून तिने पंखांवरची नक्षी उभी केली. लघुलेखनाचा प्रसार करणाऱ्या पिटमन यांच्या पत्रिकेने ते छापले. ज्या काळी कचेरीत काम करणाऱ्या स्त्रीकडे समाज संशयाने पाहत होता, त्या काळी एका टंकलेखिकेचे नाव चित्रकर्ती म्हणून छापून आले, ही गोष्ट लहान नव्हे. १९३९ मध्ये ज्युलियस नेल्सन या अमेरिकन शिक्षकाने या विषयावर स्वतंत्र पाठ्यपुस्तक काढले, आणि १९८२ मध्ये बॉब नील या इंग्रज लेखकाच्या पुस्तकाने ओळीओळीने सूचना देऊन चित्रे काढावयास शिकविले. कितवी ओळ, कोणते अक्षर, किती वेळा, असे वाचत जायचे आणि टंकत जायचे. विणकामाच्या पुस्तकात टाके दिलेले असतात, तसेच हे.

शिकण्याची रीत

आता सरांच्या त्या वाक्याकडे वळू. साध्या यंत्रावर एका इंचात आडवी दहा अक्षरे बसतात आणि उभ्या ओळी सहाच बसतात. म्हणजे प्रत्येक अक्षराचे घर रुंदीपेक्षा उंचीला अधिक. आलेखाच्या कागदावर दहा घरे रुंद आणि दहा घरे उंच असा चौरस काढून तो तसाच टंकला, तर कागदावर तो एक इंच रुंद आणि पावणेदोन इंचांच्या जवळपास उंच उमटतो. चेहरा काढला तर तो लांबुळका होतो. नवशिक्याची पहिली चूक हीच असते. म्हणून चौरसासाठी दहा अक्षरांना सहा ओळी, हे प्रमाण प्रथम पाठ करावे लागते.

दुसरा धडा दाटपणाचा. टिंब टंकले की कागद जवळजवळ पांढराच राहतो. संयोगरेषा किंचित गडद, मग अपूर्णविराम, मग लहान 'ओ', मग 'एक्स', आणि मोठा 'एम' किंवा 'डब्ल्यू' सर्वांत काळा. चित्रकार पेन्सिल दाबून किंवा हलकी धरून छाया काढतो. टंकलेखकाला अक्षर बदलून ती काढावी लागते. चांगला कारागीर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत आठ-दहा पायऱ्यांची अक्षरे मनात ओळीने लावून ठेवतो.

तिसरा धडा सर्वांत सुंदर आहे आणि तो प्रत्येक विद्यार्थी नकळत शिकत असे. जुन्या कित्येक यंत्रांवर उद्गारचिन्हाची कळच नव्हती. आधी अवतरणचिन्हाची एकेरी खूण टंकायची, कॅरेज एक घर मागे घ्यायचे आणि त्याखाली टिंब द्यायचे. एकाच घरात दोन खुणा पडल्या की तिसरी खूण जन्माला येते, हे एकदा कळले की माणसासमोर चाळीस-पंचेचाळीस कळा राहत नाहीत, असंख्य होतात. मग रूळ हाताने किंचित फिरवून दोन ओळींच्या मध्ये टंकायचे, कागद तिरपा लावायचा, फितीचा लाल भाग ओठांसाठी वापरायचा, अशा युक्त्या हळूहळू सुचत जातात.

मराठी यंत्रावर तर ही गोष्ट रोजच्या लेखनातच होती. देवनागरीची अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रा इतक्या थोड्या कळांवर मावणे अशक्य. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले, तेव्हा भाषा मराठी असूनही लिपी रोमन घ्यावी लागली, हे आपण जाणतो. तीनशे वर्षांनंतरही प्रश्न तोच होता. उपाय असा निघाला की पुष्कळ व्यंजनांचा अर्धा भाग एका कळेवर ठेवायचा आणि शेवटची उभी रेघ, म्हणजे काना, वेगळ्या कळेने द्यायचा. काही मात्रांच्या कळा दाबल्या तर कॅरेज पुढे सरकतच नसे. मात्रा अक्षराच्या घरातच उमटे. म्हणजे मराठी टंकलेखक 'ग' लिहितानासुद्धा दोन तुकडे जोडून एक आकृतीच घडवीत असे. तो चित्रकार होण्यापासून फार दूर नव्हता.

एका फुलस्केपहून थोड्या आखूड, म्हणजे ए-फोर आकाराच्या कागदावर आडवी ८२ अक्षरे आणि उभ्या ७० ओळी बसतात. घरे झाली ५,७४०. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी एवढ्या कळा पाऊण तासाच्या आत दाबील. पण चित्राला दिवसच्या दिवस लागतात, कारण प्रत्येक कळेपूर्वी थांबून पाहावे लागते. आणि एक कळ चुकली तर खोडता येत नाही. वेगासाठी बनविलेल्या यंत्रावर माणूस मुद्दाम सावकाश काम करतो, हेच या कलेचे वैशिष्ट्य आहे.

एक रुपयाचे यंत्र

महाराष्ट्रात या कलेचे नाव घेतले की मुंबईचे श्री. चंद्रकांत भिडे यांचे नाव घ्यावे लागते. त्यांची इच्छा जे. जे. कलाशाळेत शिकण्याची होती. घरची परिस्थिती ते परवडण्यासारखी नव्हती. तेव्हा पोटापाण्यासाठी टंकलेखन आणि लघुलेखन शिकावे, असे ठरले. १९६७ च्या सुमारास ते युनियन बँक ऑफ इंडियात टंकलेखक म्हणून लागले. एकदा त्यांना कचेरीतील अंतर्गत दूरध्वनी क्रमांकांची यादी टंकावयास सांगण्यात आले. त्यांनी ती यादी दूरध्वनीच्या आकारातच टंकून दिली. तेथून त्यांचा प्रवास सुरू झाला. त्यांनी गणपती काढला, पुढे सुनील गावसकरांसारख्या नामवंतांचे चेहरे काढले, आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' काढला आणि आपल्या गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची गर्दीने भरलेली चित्रेही काढली.

मारिओंची रेषा ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातील अवघडपणा कळेल. लोटलीच्या त्या कलावंताच्या चित्रात कोपरा रिकामा नसतो. कावळा, कुत्रा, खिडकीतली बाई, नक्षीचा साज, सर्व काही एकाच बारीक रेषेने वाहत जाते. ती वाहती रेषा ठरावीक घरांत बसणाऱ्या अक्षरांतून उभी करणे म्हणजे पाण्याला विटांनी आकार देणे होय. भिडे यांच्या चित्रांची प्रदर्शने झाली आणि त्यांना रसिकांची दाद मिळाली. परंतु मला त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट सर्वांत अर्थपूर्ण वाटते. ज्या यंत्रावर त्यांनी आयुष्यभर काम केले ते यंत्र बँकेच्या मालकीचे होते. निवृत्त होताना त्यांनी ते मागितले आणि बँकेने ते त्यांना एक रुपया किमतीस दिले. कलाशाळेचे दार ज्याला बंद राहिले, त्याने चाकरीच्या यंत्रातूनच दुसरे दार उघडले, आणि अखेर ते यंत्र त्याचे झाले.

आणखी दोघे

अमेरिकेत पॉल स्मिथ नावाचे गृहस्थ होऊन गेले. १९२१ साली फिलाडेल्फियात जन्मलेल्या पॉल यांना बालपणापासून मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासले होते. हातांच्या हालचालींवर ताबा नव्हता आणि शाळेत जाणे शक्य झाले नाही. उजवा हात स्थिर राहावा म्हणून तो त्यांना डाव्या हाताने धरावा लागे. त्यामुळे एका वेळी दोन कळा दाबणे अशक्य होते. त्यांनी शिफ्टची कळ अडकवून ठेवली आणि आकड्यांच्या वर असणाऱ्या मूठभर चिन्हांतूनच चित्रे काढली. लिओनार्दोची मोना लिसासुद्धा त्यांनी त्याच चिन्हांतून उभी केली. एकेका चित्राला आठवडे, महिने लागत. ओरेगॉन राज्यातील एका शुश्रूषागृहात त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली आणि २००७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याजवळ काय नव्हते याची यादी मोठी आहे. जे होते ते म्हणजे दहाएक चिन्हे आणि भरपूर वेळ.

दुसरे आपल्याच धर्मसभेतील. डॉम सिल्व्हेस्टर हौदार यांचा जन्म १९२४ साली गर्न्सी बेटावर झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात असताना ते भारतातही होते. १९४९ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील प्रिंकनॅश येथील बेनेडिक्टाईन मठात प्रवेश केला आणि १९५९ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'जेरुसलेम बायबल'च्या इंग्रजी आवृत्तीच्या वाङ्मयीन संपादनात त्यांचा वाटा होता. हेच विद्वान संन्यासी आपल्या लहानशा ऑलिव्हेटी यंत्रावर रेघा, टिंबे आणि विरामचिन्हे यांतून जिने, झुलती पटले, तरंगत्या पायऱ्या अशा अमूर्त आकृती काढीत. १९६० च्या दशकात त्या कलाजगतात नावाजल्या गेल्या. राबानुसनंतर साडेअकराशे वर्षांनी त्याच संघाचा एक सभासद पुन्हा अक्षरांच्या घरांत चिंतन करीत बसला होता, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. मठातील मौन आणि यंत्रासमोरचे हे सावकाश काम यांत काही नाते असले पाहिजे.

आपल्या कार्यालयांतील चित्रे

वाचकहो, एवढे दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या धर्मग्रामांची पत्रके एके काळी सायक्लोस्टाईलवर निघत. मेणाच्या स्टेन्सिलवर फितीविना टंकायचे, अक्षराचा खिळा मेण कापीत जाई, आणि त्या चिरांतून शाई झिरपून शंभर-दोनशे प्रती निघत. स्टेन्सिलवर चित्र काढणे हे साध्या कागदाहून कठीण. एकाच घरात दोनदा टंकले तर स्टेन्सिल फाटते. 'ओ' जोराने टंकला तर त्याच्या मधला तुकडा गळून पडतो आणि छापताना तेथे काळा डाग येतो. म्हणून दाटपणा साधायचा तो केवळ जागा सोडण्याच्या हिशेबाने. तरीही नाताळच्या पत्रकावर तारा, पास्काच्या पत्रकावर मेणबत्ती आणि चौकटीला द्राक्षवेल हे असावयाचेच. त्याखाली कोणाचेही नाव नसे.

१९९९ साली मी नागपुरातीलच एका धर्मग्रामात नव्याने सहायक म्हणून गेलो होतो. कार्यालयात नुकताच संगणक आला होता. जागा हवी म्हणून मी दोन कपाटे रिकामी केली आणि जुन्या पत्रकांचे गठ्ठे इतवारीतील रद्दीवाल्याला दिले. देताना वरवर चाळले होते. नाताळच्या एका पत्रकावर गव्हाणीचा देखावा होता. गवत तिरक्या रेघांचे, छप्पर संयोगरेषांचे, मेंढरे कंसांची. क्षणभर थांबलो आणि पुन्हा दोरी बांधली.

महिनाभराने एक वयोवृद्ध गृहस्थ भेटावयास आले. पूर्वी तेथे टंकलेखक होते. नात आता चित्रकला शिकते, तिला दाखवावयास नाताळचे एखादे जुने पत्रक मिळेल काय, असे त्यांनी विचारले. मी खरे ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असू द्या फादर. कागदच तो." चहा घेऊन ते गेले. मी त्याच संध्याकाळी रद्दीच्या दुकानात गेलो, पण माल केव्हाच गिरणीकडे रवाना झाला होता. इतिहासाच्या तासाला सेमिनरीत आम्हांला शिकविले होते की, ज्यावर स्वाक्षरी नाही तो दस्तऐवजही साक्षीदार असतो. मी ते परीक्षेत लिहिले होते. कपाट आवरताना मला ते आठवले नाही.

संगणक आणि मराठी

संगणकाने ही कला संपविली, असे समजू नये. त्याने ती आपल्याकडे ओढून घेतली. संगणकांनी एकमेकांची अक्षरे ओळखावीत यासाठी अमेरिकेत १९६३ साली 'आस्की' नावाचे प्रमाण ठरले. त्यात १२८ संकेत असून १९६७ च्या सुधारणेनंतर ९५ प्रत्यक्ष उमटणारी चिन्हे होती. आरंभीचे पडदे आणि छपाईयंत्रे चित्र दाखवू शकत नव्हती. म्हणून त्या ९५ चिन्हांतूनच चित्रे होऊ लागली. त्याआधी तारायंत्रावर काम करणारे हौशी लोक कागदी फितीला छिद्रे पाडून अशी चित्रे एकमेकांस पाठवीत, आणि नाताळ आला की त्यांना विशेष ऊत येई. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील प्राध्यापक स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, रेघ आणि कंस ही तीन चिन्हे एका ओळीत लिहून 'आडवे पाहा' असे सुचविले. त्यातून हसरा चेहरा निघाला. 'पक' साप्ताहिकाच्या त्या चार चेहऱ्यांनंतर एकशे एक वर्षांनी ही घटना घडली. आज आपली मुले दूरध्वनीवर क्षणोक्षणी जे चेहरे पाठवितात, त्यांचा पूर्वज हाच.

परंतु त्या ९५ चिन्हांत मराठीचे एकही अक्षर नव्हते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये आले आणि त्याच वर्षी जागतिक 'युनिकोड'च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. लेखन सुलभ झाले, पण चित्रांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडली. टंकलेखनयंत्रावर प्रत्येक खुणेचे घर सारख्या रुंदीचे होते. संगणकावर मात्र देवनागरीचा 'र' अरुंद, 'क्ष' रुंद, आणि वेलांट्या-मात्रा अक्षरावर चढतात. अक्षरांखाली अक्षरे सरळ बसत नाहीत. घरेच सारखी नसतील तर चित्र विणायचे कसे? म्हणून मराठी मुलगा आजही असे चित्र काढतो ते बहुधा रोमन चिन्हांत. ओबडधोबड यंत्राने आपल्या लिपीला जे दिले होते, ते चकचकीत पडद्याने काढून घेतले. ज्यांना संगणकाचे ज्ञान आहे, अशा आपल्या तरुणांनी सारख्या रुंदीची देवनागरी अक्षरे घडविण्याकडे लक्ष द्यावे, असे येथे सुचवावेसे वाटते.

शेवटी

गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले होते. तिनेही २००९ च्या सुमारास उत्पादन थांबविले. २०१७ साली आपल्या राज्यातील यंत्रावरची शासकीय टंकलेखन परीक्षा शेवटची झाली. त्यानंतर ती संगणकावर होऊ लागली. इतवारीतील माझ्या वर्गाच्या जागी आज साड्यांचे गोदाम आहे. सर हयात नाहीत.

या इतिहासातील बहुतेक माणसे चित्रकार म्हणून ओळखली गेली नाहीत. ती कचेरीत, शुश्रूषागृहात, मठात, धर्मग्रामाच्या कार्यालयात बसून दिलेले काम करीत होती आणि त्या कामाच्या कडेला त्यांनी थोडी शोभा निर्माण केली. राबानुसचे हस्तलिखित मठांनी हजार वर्षे जपले, म्हणून आज तो आपल्याला ठाऊक आहे. माझ्या धर्मग्रामातील त्या टंकलेखकाचे काम मी महिनाभरही जपले नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. घरात वडिलांची किंवा आजोबांची जुनी ट्रंक असेल, तर ती उघडून पाहा. लग्नपत्रिकेचा मसुदा, चर्चच्या सणाचे पत्रक, नोकरीच्या अर्जाची कार्बन प्रत, यांच्या कडेला कोठे फुल्यांची वेल किंवा टिंबांचा तारा आढळला, तर तो कागद वेगळा काढून ठेवा. मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. जे हयात असतील त्यांना विचारून लिहा, कारण हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. आमच्या कार्यालयातील कपाटाचा एक खण मी अशा कागदांसाठी रिकामा ठेवला आहे. त्यात सध्या एकच कागद आहे: १९८७ सालचा, 'एक्स' अक्षराचा, प्रमाणाबाहेर उंच झालेला एक क्रूस.